बोमन ग्रे स्टेडियमच्या शनिवारच्या शर्यती: सहावा येऊन आनंद कसला? आणि आबांना नेऊ का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, जानेवारीपासून नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोला आहे. शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात, सगळी नोकरी सिगारेटच्या कारखान्यात झालेली. गेल्या शनिवारी त्यांनी दार वाजवलं आणि मला गाडीत घालून विन्स्टन-सेलमला नेलं, बोमन ग्रे स्टेडियमवर. मला वाटलं फुटबॉल असेल. फुटबॉलचं मैदान होतंच, पण त्याच्या कडेनं डांबरी पट्टा आणि त्यावर वीसेक गाड्या एकमेकींना घासत पळत होत्या. तीन-चार तास कसे गेले कळलं नाही, पण खरं सांगतो, समजलं फारसं नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आजोबांकडे एक वही आहे. प्रत्येक शर्यत संपली की कोणत्या नंबरची गाडी कितवी आली ते लिहून ठेवतात. त्यांची आवडती गाडी त्या रात्री सहावी आली. मला वाटलं, हिरमुसतील. तर त्यांनी आकडा टिपला, वही मिटली आणि म्हणाले, रात्र चांगली गेली. सहावा येऊन चांगली कशी? आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत गट काढून, सेमी काढून फायनलला सहावा आलेल्या गाड्याचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

विचारण्याचं दुसरं कारण आबा. वय ७१. जूनमध्ये येतायत, तीन महिने राहतील. आमच्या दावणीला कायम खिलार बैल. आबांनी तरुणपणी आरत-पारत (पुढे जाऊन, वळून परत यायच्या) शर्यती गाजवल्या आहेत. २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, गावातल्या बऱ्याच जणांनी बैल विकले. आबांनी विकले नाहीत, शर्यत नसताना नुसते सांभाळले. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तोवर जोडीतला एक गेला होता. आता इथे अपार्टमेंटमध्ये त्यांचा दिवस कसा जाईल याचीच मला काळजी आहे. त्यांना इथे न्यावं का? आवाज सोसेल का? आणि नेलं तर काय बघा म्हणून सांगू?

तिसरा_टर्न

कृष्णाकाठ, आबांना न्याच. आणि तुमच्या शेजाऱ्यांनी तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्याच रात्री दाखवली आहे: ती वही. तिथूनच सुरू करतो, थोडं लांबेल.

मी नाशिकचा. अंबड एमआयडीसीत टूलरूमला सहा वर्षं काढली, २०१२ पासून विन्स्टन-सेलमला एका मशीन शॉपमध्ये आहे. शेजारच्या मिलिंग मशीनवर काम करणारा माझा सहकारी बोमन ग्रेवर स्ट्रीट स्टॉक (रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांतून बनवलेल्या गाड्यांची श्रेणी) चालवतो. २०१९ चा अख्खा हंगाम मी त्याच्या गाडीवर राबलो, एप्रिल ते ऑगस्ट, एक शनिवार सोडला नाही. पगार नाही, मानधन नाही. रात्री साडेअकराला गाडी ट्रेलरवर चढली की त्याची बायको घरून आणलेलं सँडविच हातात द्यायची, तेवढंच.

आधी मैदान समजून घ्या. पाव मैलाचा पट्टा, म्हणजे ४०० मीटर. आपल्याकडे जिल्हा क्रीडासंकुलात धावण्याचा ट्रॅक असतो ना, बरोबर तेवढा. टीव्हीवर दिसणारं डेटोना अडीच मैलांचं आहे आणि त्याची वळणं ३१ अंशांनी कललेली. तिथे वळणाचा उतारच गाडीला धरून ठेवतो. बोमन ग्रेला उतार नाही, जमीन ताटासारखी सपाट. गाडीला धरतात ते फक्त चार टायर. मॉडिफाइड गाडी (ती उघड्या चाकांची, बसकी, रुंद टायरांची, इथली सर्वात वरची श्रेणी) एक फेरी साधारण १३ सेकंदांत मारते. म्हणजे ड्रायव्हरला दर सहा-सात सेकंदांनी ब्रेक, वळण, पुन्हा ॲक्सिलरेटर. सरळ पट्ट्यावर श्वास घ्यायलाही फुरसत नाही. आतली ओळ सर्वात जवळची, तिच्यासाठीच सगळी मारामारी. बाहेरून पुढे जायचं तर जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून मागचा पुढच्याला बंपर लावून आतल्या ओळीतून जरासा बाहेर सरकवतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत घुसतो. सरकवणं इथे चालतं. फिरवून भिंतीत घालणं चालत नाही. या दोन्हींच्या मधली रेषा किती बारीक आहे यावर लोक आठवडाभर वाद घालतात.

आता वही. इथे एक रात्र म्हणजे एक शर्यत नाही, एका लांब शर्यतीचा सतरावा-अठरावा हिस्सा आहे. प्रत्येक क्रमांकाला गुण. पहिला आणि दुसरा यांच्यात फार फरक नसतो. पण शर्यत अर्धवट सोडून शेवटून दुसरा आलात, किंवा शनिवारी आलाच नाहीत, तर जो खड्डा पडतो तो पुढे महिनाभर भरून निघत नाही. तुमच्या आजोबांच्या गाडीला त्या रात्री मागे पडायची कारणं होती असणार. कदाचित मागून सुरुवात मिळाली असेल, कदाचित कुणी ठोकलं असेल. तरी ती सहावी आली आणि अख्खी घरी गेली. त्यांनी तेच टिपलं.

आमच्या हंगामाचं सांगतो. एप्रिल-मेमध्ये आम्ही चौथे, पाचवे, एकदा तिसरे. जूनच्या दुसऱ्या शनिवारी, फक्त चार फेऱ्या उरल्या असताना, आम्ही दुसरे होतो. तिसऱ्या वळणात मागच्या गाडीनं लावलं, आणि ते सरकवणं नव्हतं. आमची गाडी उजव्या पुढच्या कोपऱ्यानं कठड्यावर गेली. खालचा कंट्रोल आर्म वाकला, स्पिंडल गेला, रेडिएटर फुटला. मी कठड्यापाशी उभा होतो. हिरवट पाणी डांबरावर पसरताना बघून मला वाटलं, संपला हंगाम.

रविवारी दुपारी त्याच्या गॅरेजमध्ये गाडीचा पुढचा भाग उघडला. सोमवारी कामावरून सुटल्यावर भंगारवाल्याकडे, पावसात, तीन जुन्या शेवरले पालथ्या घातल्या तेव्हा एक चांगला आर्म मिळाला. मंगळवारी शॉपच्या मालकानं शिफ्टनंतर मशीन वापरू दिलं, मी ब्रॅकेट नवे करून दिले. बुधवारी वेल्डिंग. गुरुवारी रात्री चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून वजन जुळवलं. इथे जरा थांबतो, कारण आबांना हेच दाखवायचं आहे.

गाडी कायम डावीकडेच वळते. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर बांधलेली, एकाच गतीनं फिरणारी, पण वळणावर उजव्या चाकाला जास्त वाट कापायची असते. म्हणून उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा घेरानं मोठा लावतात. त्याला स्टॅगर म्हणतात. चहाचा कागदी कप आडवा करून जमिनीवर लोटा, तो आपोआप गोल वळतो, तसं. आम्ही टेपनं घेर मोजायचो, इंचाचा अष्टमांशसुद्धा सोडायचो नाही. टूलरूममध्ये मायक्रॉन मोजलेल्या माणसाला पहिल्यांदा हसू आलं होतं. त्या अष्टमांशानं ड्रायव्हरला वळणात काय फरक पडतो हे त्यानं हातवारे करून दाखवलं, तेव्हा हसू थांबलं. दुसरी गोष्ट वजनाची: उजवा पुढचा आणि डावा मागचा कोपरा मिळून एकूण वजनाचा किती हिस्सा पेलतात. तो वाढवला की गाडी टाइट होते, म्हणजे वळायला मागत नाही, नाक भिंतीकडे जातं. कमी केला की लूज, म्हणजे शेपूट बाहेर पडतं. शर्यत सुरू असताना टायर तापतात, हवेचा दाब चढतो आणि हे सगळं पुन्हा बदलतं. दहाव्या फेरीला छान वळणारी गाडी अठराव्या फेरीला कशी वळेल याचा अंदाज गुरुवारीच करावा लागतो.

त्या शनिवारी आम्ही गेलो. रंग न दिलेला फेंडर, नंबर चिकटपट्टीनं लिहिलेला. नववे आलो. त्या नवव्या क्रमांकाला मी ओरडलो तेवढा आधीच्या तिसऱ्याला ओरडलो नव्हतो.

जुलैत तीच गाडी, जिनं आम्हाला ठोकलं होतं, बरोबर आमच्या पुढे होती. आम्ही चौथे, ती तिसरी, शेवटच्या पाच फेऱ्या. मी मनातून म्हणत होतो, लाव आता. त्यानं लावलं नाही. चौथा आला. ट्रेलरवर चढवताना मी चिडून विचारलं तर म्हणाला, तिला फिरवलं असतं तर आपलंही नाक गेलं असतं, आणि सोमवारी पुन्हा पावसात भंगारात कोण जाणार होतं, तू? ऑगस्टअखेर आम्ही गुणांत पाचवे. सहाव्यापेक्षा चार गुण जास्त. त्या हंगामात एकही शर्यत आम्ही जिंकली नाही.

२०२० साठी त्यानं गाडी हिवाळ्यातच तयार केली होती. नवा निळा रंग, दारावर मुलीनं काढलेला पक्षी. करोना आला आणि बोमन ग्रेचा तो अख्खा हंगाम रद्द झाला. ती गाडी वर्षभर आच्छादनाखाली उभी होती. दर काही दिवसांनी तो इंजिन सुरू करून पाच मिनिटं ऐकायचा. तुमच्या आबांनी बैल सांभाळले ते वाचताना मला तेच गॅरेज आठवलं.

पाटीपेन्सिल

भांडणं फार होतात म्हणे तिथे? 'मॅडहाऊस' असं नावच पडलंय असं ऐकलं. वयस्कर माणसाला न्यायला ठीक आहे का?

तिसरा_टर्न

ठीक आहे. भांडणं ट्रॅकवर होतात, गाड्यांची आणि कधी कधी ड्रायव्हरांची. पोलीस असतात, वाद लगेच आवरतात. बाकड्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं येतात, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. वरच्या ओळीत बसा. तिथून पूर्ण पट्टा दिसतो आणि टायरचे कण डोळ्यांत जात नाहीत.

या मैदानाचा पिढ्यांशी संबंध किती जुना आहे ते सांगायला हवं. स्टेडियम १९३८ चं. ज्यांच्या नावाचं आहे ते बोमन ग्रे इथल्या आर. जे. रेनॉल्ड्स तंबाखू कंपनीचे प्रमुख होते. त्याच कंपनीच्या सिगारेटचं नाव १९७१ पासून २००३ पर्यंत नॅस्कारच्या (इथली गाड्यांच्या शर्यती भरवणारी मोठी संस्था) सर्वात मोठ्या मालिकेला होतं, विन्स्टन कप. नॅस्कारच्या साप्ताहिक शर्यती इथे १९४९ ला सुरू झाल्या. बिली आणि बॉबी मायर्स हे दोघे भाऊ सुरुवातीच्या काळातले. बॉबी १९५७ ला डार्लिंग्टनच्या शर्यतीत अपघातात गेला. पुढच्याच वर्षी बिली याच मैदानावर, शर्यत चालू असताना, हृदयविकारानं गेला. बिलीची नातवंडं बर्ट आणि जेसन त्याच मैदानावर मॉडिफाइड चालवत आली. बर्टचे ११ किताब आणि इथलाच मॉडिफाइड ड्रायव्हर टिम ब्राउन याचे १२, हे २०२५ च्या सुरुवातीचे आकडे. त्या फेब्रुवारीत नॅस्कारनं मोठ्या ड्रायव्हरांची 'क्लॅश' ही शर्यत इथे आणली, चेस एलियट जिंकला. ब्राउन आणि मायर्स यांनाही त्या गाड्या मिळाल्या होत्या, पण मुख्य शर्यतीत दोघांना जागा मिळाली नाही. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. माझ्या मते दोघांना त्यांच्या नेहमीच्या मॉडिफाइडमध्ये बसवलं असतं तर या पाव मैलावर त्यांना गाठणं कुणालाही जड गेलं असतं.

आणि वहीबद्दल अजून एक. १९७१ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या मालिकेची शेवटची गुणांची शर्यत इथे झाली. गाड्या कमी पडत होत्या म्हणून धाकट्या श्रेणीतल्या गाड्यांनाही घेतलं. बॉबी ॲलिसन तसल्याच एका मस्टँगमधून जिंकला, रिचर्ड पेटी दुसरा आला. गाडी दुसऱ्या श्रेणीची, म्हणून ॲलिसनच्या खात्यात विजय धरला नाही, आणि पेटीच्याही नाही. ती शर्यत विजेत्याविनाच राहिली. ५३ वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, नॅस्कारनं तो विजय ॲलिसनचा म्हणून मान्य केला. त्याचे एकूण ८५ झाले. पुढच्याच महिन्यात तो वारला. तुमच्या शेजाऱ्यांना विचारा, १९७१ ची वही त्यांच्याकडे असेल तर त्यात त्यांनी पहिल्या क्रमांकावर कुणाचं नाव लिहिलंय.

हार्टफर्डकर

मी कनेटिकटात असते. वरचं वाचून राहवलं नाही. तिसरा_टर्न यांनी सांगितला तो एकाच मैदानाचा हंगाम. आमच्या न्यू इंग्लंडकडे मॉडिफाइडची टूरही असते, तीच टीम एका शनिवारी थॉम्पसनला, कधी लाँग आयलंडवर रिव्हरहेडला, कधी न्यू हॅम्पशायरला. रिव्हरहेडही पाव मैलाचं, थॉम्पसन त्याच्या अडीचपट. आज छोट्या वळणाची गाडी, दोन आठवड्यांनी लांब सरळ पट्ट्याची. त्यामुळे 'घरचं मैदान' असं काही उरत नाही आणि त्या ड्रायव्हरांचं कौतुक मला जास्त वाटतं.

टूरचं आजचं रूप १९८५ पासूनचं. त्याआधी वेगवेगळ्या मैदानांवरचे गुण एकत्र धरून विजेता ठरायचा, म्हणून रिची इव्हान्ससारखा माणूस आठवड्यातून कित्येक रात्री कुठे ना कुठे पळत असायचा. न्यूयॉर्क राज्यातल्या रोमचा. नऊ किताब, त्यातले आठ सलग. १९८५ चा किताब त्याचा पक्का झाला होता आणि हंगामाच्या शेवटच्या शर्यतीच्या सरावात मार्टिन्सव्हिलला तो अपघातात गेला. त्याचा ६१ नंबर टूरवर पुन्हा कुणाला दिला नाही. स्टॅफर्डला, आमच्या इथल्या मैदानावर, आमच्या मागच्या ओळीत एक गृहस्थ अजूनही नारिंगी टोपी घालून बसतात. इव्हान्सच्या गाडीचा रंग तो.

कानगोष्टी

ठाण्याहून लिहिते, श्रवणतज्ज्ञ आहे. आवाजाबद्दल कुणीच नीट उत्तर दिलं नाही म्हणून. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. गाड्यांच्या शर्यतीजवळ आवाज सहज तितका होतो, आणि तुम्ही तीन-चार तास बसणार. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचे प्लग घ्या. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, आत सारून वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा, फुगेपर्यंत. बाहेर अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर नीट बसला नाही. त्यावर हेडफोनसारखे मफ्स. आबांना श्रवणयंत्र असेल तर ते काढून खिशात, त्याला प्लग समजू नका. आणि प्लग घरीच दोन-तीनदा घालून सवय करा. वयस्कर माणसं गर्दीत लाजतात आणि काढून टाकतात. हे फक्त आबांना नाही, तुम्हालाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, पण सगळं घडल्यावरच लिहायचं होतं.

आबा आले, जुलैच्या पहिल्या शनिवारी नेलं. प्लगची तालीम घरी केली होती (कानगोष्टी, ते लाजलेच). पहिला तासभर ते गप्प. मला वाटलं, आवडलं नाही. मॉडिफाइड सुरू झाल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि चौथ्या वळणाकडे बोट दाखवलं. एक लाल गाडी प्रत्येक फेरीला तिथे जरा जास्त हळू होत होती आणि बाहेर पडताना इतरांच्या आधी सुटत होती. मी बघत होतो पहिल्याकडे, ते बघत होते या पाचव्याकडे. ती तिसरी आली.

शर्यती संपल्यावर तिसरा_टर्न यांनी आम्हाला पिटात, म्हणजे टीमच्या गाड्या उभ्या असतात तिथे, नेलं. त्यांच्या सहकाऱ्यानं आबांशी हात मिळवला. आबांनी एक शब्द न बोलता वाकून मागच्या दोन्ही टायरांवर हात फिरवला, मग दोन्ही हातांनी लहान-मोठं दाखवलं. मी स्टॅगरचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "मला कळलं. आरत-पारतीला वळणावर आतला बैल दमानं घ्यायचा आणि बाहेरचा ताणायचा. बाहेरच्याची ढांग मोठीच लागती." मी ते इंग्रजीत सांगितलं. तो ड्रायव्हर जमिनीवर बसलाच आणि बैलांबद्दल विचारत राहिला. जू कुठे टेकतं, वजन कुणावर जास्त पडतं, एक बैल दुसऱ्यापेक्षा जोरात असेल तर गाडा कुठे ओढला जातो. पाऊण तास. मधे तिसरा_टर्न यांच्या टीममधल्या कुणीतरी आबांना सँडविच दिलं, त्यांनी अर्धं मोडून मला दिलं.

शेजारच्या आजोबांना १९७१ बद्दल विचारलं. त्या वर्षी ते तेरा वर्षांचे होते, वही नव्हती, पण वडिलांच्या खांद्याशेजारी बसून ती शर्यत त्यांनी पाहिली आहे. कोण जिंकलं विचारलं तर लगेच म्हणाले, बॉबी ॲलिसन. मग थोडं थांबून, "आम्हाला तेव्हाच माहीत होतं."

आता दोघं शेजारी बसतात. भाषा एक नाही. आजोबांनी आबांना वेगळी वही आणून दिली आहे, आबा मराठी आकड्यांत लिहितात, आणि घरी आल्यावर दोघं जेवणाच्या टेबलावर वह्या जुळवतात. गेल्या शनिवारी पाचव्या-सहाव्यात तफावत निघाली. आबांचं बरोबर होतं.

आबांचं परतीचं विमान हंगामाच्या शेवटच्या शनिवारीच होतं. तारीख बदलून घेतली, मंगळवारचं मिळालं. त्यांची लाल गाडी गुणांत तिसरी आहे, दुसऱ्यापेक्षा नऊ गुणांनी मागे. तिसरा_टर्न, त्या रात्री आम्ही वरच्या ओळीतच असू, चौथ्या वळणाच्या बाजूला. आईनं पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तुमच्या टीमसाठी बाजूला ठेवला आहे.